विश्लेषण : मुलींची फी माफ झाली, मग माजी विद्यार्थिनीच्या मदतीची गरज काय? लीला पूनावाला यांच्या वाटेवरून समजून घ्या

आधी सीईटीचा पर्सेंटाइल, मग कॅप राउंडची यादी. मोबाइलच्या स्क्रीनवर पुण्यातल्या कॉलेजचे नाव दिसते आणि विदर्भातल्या एखाद्या घरात पेढे वाटले जातात. दुसऱ्या दिवशी वडील वही घेऊन बसतात. शिकवणी शुल्काच्या रकान्यात शून्य, कारण सरकारने ते माफ केले आहे. पण त्याखालचे रकाने रिकामे नसतात. वसतिगृह, मेस, लॅपटॉप, वर्कशॉपचा अ‍ॅप्रन, ड्रॉइंगचे साहित्य, दिवाळी-उन्हाळ्याचा प्रवास अशी यादी वाढत जाते. शेवटच्या ओळीत एक प्रश्न उरतो, जो वहीत लिहिला जात नाही : चार वर्षांनी नोकरी लागेल का?

या प्रश्नापाशी अनेक मुलींची वाट वळते. पुण्याऐवजी जवळचे कॉलेज, इंजिनीअरिंगऐवजी बीएस्सी, किंवा ‘एक वर्ष थांबू’ असा तोडगा निघतो. देशातील उच्च शिक्षणाचे सर्वेक्षण पाहिले तर इंजिनीअरिंग आणि तंत्रज्ञानाच्या पदवी शाखेत दर दहा विद्यार्थ्यांमागे मुली साधारण तीनच आहेत. मेकॅनिकलसारख्या शाखांत हे प्रमाण आणखी खाली येते.

फीमाफी आणि शिष्यवृत्तीच्या योजना असताना हे का होते? या वाटेने आधी गेलेली एखादी इंजिनीअर मागे वळून हात देते, तेव्हा नेमके काय बदलते? हे समजण्यासाठी पुण्यातलेच एक उदाहरण पाहू. ते आहे लीला पूनावाला यांचे.

लीला पूनावाला कोण आहेत?

लीला पूनावाला यांचा जन्म १९४४ मध्ये सिंधमधील हैदराबादचा. फाळणीनंतर कुटुंब निर्वासित म्हणून पुण्यात आले. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. घरची परिस्थिती बेताची होती आणि शिक्षण ही एकच शिदोरी होती.

१९६७ मध्ये त्यांनी कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग, पुणे म्हणजे आपल्या ‘सीओईपी’मधून मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी घेतली. या कॉलेजातून ही पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या महिला. सीओईपीची सुरुवात १८५४ ची. सर विश्वेश्वरय्या याच कॉलेजचे विद्यार्थी. म्हणजे कॉलेजच्या वयाची शंभरी उलटून गेल्यावर मेकॅनिकलच्या पदवीवर एका मुलीचे नाव आले.

पुढे त्या अल्फा लाव्हल इंडिया आणि टेट्रा पॅक इंडिया या कंपन्यांच्या अध्यक्षा झाल्या. १९८९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. स्वीडननेही ‘ऑर्डर ऑफ द पोलर स्टार’ देऊन त्यांचा गौरव केला. १९९० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी पती फिरोज पूनावाला यांच्यासह मुलींच्या उच्च शिक्षणासाठी लीला पूनावाला फाउंडेशन सुरू केले.

त्या काळात इंजिनीअरिंग मुलींपासून किती दूर होते?

दूर होते, पण अशक्य नव्हते. त्यांच्या आधी काही मोजक्या जणींनी हा दरवाजा ठोठावला होता.

ए. ललिता यांचे नाव यात पहिले येते. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी वैधव्य आणि कडेवर काही महिन्यांची मुलगी. अशा स्थितीत १९४० मध्ये त्यांनी मद्रासच्या गिंडी इंजिनीअरिंग कॉलेजात प्रवेश घेतला. वडील तिथेच प्राध्यापक होते, म्हणून निदान अर्ज करण्याची हिंमत झाली. १९४३ मध्ये त्या इलेक्ट्रिकल इंजिनीअर झाल्या. त्यांच्या पाठोपाठ पी. के. थ्रेसिया आणि लीलम्मा जॉर्ज या दोघी सिव्हिल इंजिनीअर झाल्या. पदवीच्या छापील प्रमाणपत्रावर ‘तो’ असाच उल्लेख होता. तो खोडून हाताने ‘ती’ असे लिहावे लागले.

१९७४ मधला किस्सा तर पुणेकरांना चांगलाच ठाऊक आहे. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आताच्या सुधा मूर्ती, यांनी नोटीस बोर्डावर टेल्कोची जाहिरात वाचली. त्यात महिला उमेदवारांनी अर्ज करू नये अशी सूचना होती. त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडले. त्यांना पुण्यात मुलाखतीला बोलावले गेले आणि टेल्कोला पहिली महिला इंजिनीअर मिळाली.

या दोन घटनांत एक साम्य आहे. दोघींच्याही गुणवत्तेबद्दल शंका नव्हती. अडचण दारापाशी होती. एकीच्या मागे प्राध्यापक वडील होते, तर दुसरीच्या पत्राला उत्तर देणारा उद्योगपती भेटला. ज्यांच्याकडे दोन्ही नव्हते अशा मुलींची नावे इतिहासात सापडत नाहीत.

कारकिर्दीत अडथळे कुठे आले?

पदवी हातात आल्यावर लीला पूनावाला यांनी रस्टन अँड हॉर्न्सबी या इंजिन बनवणाऱ्या कंपनीत प्रशिक्षणार्थी म्हणून सुरुवात केली. मेकॅनिकल इंजिनीअरची पहिली नोकरी म्हणजे बहुतेक वेळा शॉप फ्लोअर. तेलकट जमीन, मशीनचा आवाज आणि दोन-तीन दशके तिथेच काढलेले कामगार. नव्या मुलाला तिथे ‘काम शिकायला आला’ म्हणतात. नव्या मुलीला आधी ‘तू इथे कशी?’ याचे उत्तर द्यावे लागते.

याच कंपनीत फिरोज पूनावाला यांची भेट झाली आणि पुढे लग्न ठरले. पती-पत्नी दोघांनाही नोकरीत ठेवायचे नाही, असा कंपनीचा नियम होता. त्यामुळे लीला यांनी नोकरी बदलली आणि व्हल्कन लाव्हल या कंपनीत पुन्हा प्रशिक्षणार्थी इंजिनीअर म्हणून रुजू झाल्या. हीच कंपनी पुढे अल्फा लाव्हल इंडिया झाली.

अल्फा लाव्हल ही मूळची स्वीडनची कंपनी. गुस्ताफ द लाव्हल या संशोधकाने १८८३ मध्ये ती उभी केली. त्याचे गाजलेले यंत्र म्हणजे दुधातून मलई वेगळी करणारा सेपरेटर. तत्त्व सोपे आहे. भांडे प्रचंड वेगाने फिरवले की जड भाग कडेला ढकलला जातो आणि हलकी मलई मध्यभागी राहते. हेच तत्त्व पुढे तेल शुद्ध करण्यापासून औषधनिर्मितीपर्यंत वापरले गेले. या यंत्रांच्या जोडीला कंपनी उष्णता एका द्रवातून दुसऱ्यात नेणारे हीट एक्स्चेंजर बनवते. दूध पाश्चराइझ करताना ते लागतातच.

अशा कंपनीत इंजिनीअरला फक्त ड्रॉइंग काढून भागत नाही. ग्राहकाच्या कारखान्यात जावे लागते, त्याची प्रक्रिया समजून घ्यावी लागते, यंत्र कुठे बसेल आणि किती क्षमतेचे लागेल हे ठरवावे लागते. या कामात पायऱ्या चढत त्या कंपनीच्या सर्वोच्च पदापर्यंत पोहोचल्या. १९९१ मध्ये टेट्रा पॅकने अल्फा लाव्हल समूह विकत घेतला. दुधाची यंत्रे आणि दुधाची पाकिटे एका छताखाली आली. त्यामुळे टेट्रा पॅक इंडियाची धुराही त्यांच्याकडे आली.

या प्रवासात लग्नाचा टप्पा नीट पाहायला हवा. लग्न दोघांचे झाले, पण नोकरी बदलली ती तिने. त्यांच्या बाबतीत हा बदल पथ्यावर पडला, कारण दुसरीकडे दार उघडे होते. ते उघडे नसते तर सीओईपीची ही पहिली मेकॅनिकल इंजिनीअर कदाचित घरीच बसली असती.

कायदाही आड येत होता का?

काही अंशी होय. १९४८ च्या कारखाने कायद्यातील कलम ६६ नुसार महिलांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच कारखान्यात काम देता येत असे. राज्य सरकारला वेळेत थोडा बदल करण्याची मुभा होती, पण रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत परवानगी देता येत नव्हती. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम मात्र असा झाला की, तिन्ही शिफ्टना माणूस लागणाऱ्या विभागात मुलगी घेण्याआधी कंपनी दोनदा विचार करू लागली.

मद्रास उच्च न्यायालयाने २००० मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरवली. २०२० च्या कामगार सुरक्षा व आरोग्य संहितेत महिलेची संमती आणि सुरक्षेच्या अटी पाळून रात्रपाळीला वाट करून देण्यात आली. थोडक्यात, कागदावरचा अडथळा हटत आला आहे. शॉप फ्लोअरवर स्वच्छतागृह आहे का, रात्री घरी सोडायला गाडी आहे का, हे प्रश्न प्रत्येक कारखान्यात वेगळे विचारावे लागतात.

फाउंडेशन नेमके काय करते?

लीला पूनावाला फाउंडेशनची सुरुवात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलींना शिष्यवृत्ती देण्यापासून झाली. पुढे इंजिनीअरिंगची पदवी, डिप्लोमा, फार्मसी, नर्सिंग अशा शाखा त्यात आल्या. शाळकरी मुलींसाठी सातवीपासूनचा उपक्रमही जोडला गेला. पुण्याबरोबर अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांतील मुलींपर्यंत ही मदत पोहोचली. आजवर दहा हजारांहून अधिक मुलींना तिचा लाभ झाला आहे. या मुली स्वतःला ‘लीला गर्ल्स’ म्हणवतात.

निवड गुण आणि गरज या दोन्हींवर होते. अर्ज, कागदपत्रांची छाननी, मुलाखत असे टप्पे असतात. इथपर्यंत हे कोणत्याही शिष्यवृत्तीसारखेच वाटेल. फरक पुढे आहे. मुलीला पैसे देऊन विषय संपत नाही. इंग्रजी संभाषण, संगणक, मुलाखतीची तयारी, व्यक्तिमत्त्व विकास यांची प्रशिक्षणे होतात. उद्योगांना भेटी घडवल्या जातात. आधी लाभ घेतलेल्या आणि आता नोकरीत असलेल्या मुली धाकट्या मुलींना मार्गदर्शन करतात.

संस्थापिकेचे आयुष्य आणि ही रचना शेजारी ठेवून पाहा. घरची बेताची परिस्थिती, मुलांनी भरलेला वर्ग, शॉप फ्लोअरवरची पहिली नोकरी, लग्नानंतर बदललेली कंपनी. जिथे जिथे मुलीची गाडी अडू शकते, तिथे तिथे कोणीतरी उभे राहण्याची सोय इथे दिसते. इंजिनीअरच्या भाषेत सांगायचे तर, साखळी जिथे तुटते तीच कडी आधी मजबूत केलेली आहे.

सरकारने फी माफ केली, मग आणखी काय हवे?

आधी सरकारी मदत काय आहे ते पाहू.

– फीमाफी : महाराष्ट्र सरकारने ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिकवणी व परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत दिली. आधी ती ५० टक्के होती. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत हवे आणि प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून म्हणजे कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला हा लाभ नाही.

– प्रगती शिष्यवृत्ती : अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची ही योजना फक्त मुलींसाठी आहे. मान्यताप्राप्त संस्थेत पदवी किंवा डिप्लोमाला प्रवेश घेतलेल्या मुलीला वर्षाला ५० हजार रुपये मिळतात. उत्पन्नमर्यादा ८ लाख, एका कुटुंबातील जास्तीत जास्त दोन मुली. निवड गुणवत्तेवर होते, अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा.

– वसतिगृह व निर्वाह भत्ता : डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयम्, इतर मागास वर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या.

यादी भक्कम आहे. मग अडते कुठे?

पहिली अडचण वेळेची. मेसचे पैसे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यावे लागतात. भत्ता मंजूर होऊन खात्यात यायला वेळ लागतो. मधल्या महिन्यांत उसनवारी करावी लागते.

दुसरी अडचण कागदांची. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जात पडताळणी, आधारशी जोडलेले बँक खाते. एका कागदावर नावाचे स्पेलिंग वेगळे असले की अर्ज परत येतो. गावाकडे आई-वडील तहसील कचेरीत हेलपाटे घालतात आणि मुलगी पुण्यात सायबर कॅफेत रांग लावते.

तिसरी अडचण योजनांच्या आवाक्याबाहेरची आहे. पहिल्या सेमिस्टरला गणितात विषय राहिला तर काय करायचे? वायवामध्ये उत्तर येत असूनही इंग्रजीत तोंड उघडत नाही, तेव्हा कोणाला विचारायचे? तिसऱ्या वर्षी इंटर्नशिप कुठे शोधायची? कोअर कंपनीत जायचे की सॉफ्टवेअरमध्ये? घरी स्थळे येऊ लागली आहेत, अजून दोन वर्षे थांबा, हे वडिलांना कोणी सांगायचे? या प्रश्नांसाठी पोर्टलवर अर्ज नसतो.

माजी विद्यार्थिनीच का?

कारण तिने हे प्रश्न सोडवलेले असतात आणि कधी कधी सोडवताना चुकलेलीही असते.

प्राध्यापक विषय शिकवतात. प्लेसमेंट सेल कंपन्यांना बोलावतो. पण कॅम्पसला बऱ्याच कंपन्या आधी विचारतात, ‘लाइव्ह बॅकलॉग आहे का? दहावीपासून सगळीकडे ६० टक्के आहेत का?’ ही अट चौथ्या वर्षी कळून उपयोग नसतो. दोन वर्षे पुढे असलेली ताई हे पहिल्याच वर्षी सांगते. राहिलेला विषय आधी काढ, मग बाकीचे बघ, हा सल्ला तिच्या तोंडून आला की पटतो.

दुसरे कारण घरच्यांचा विश्वास. ‘मुलगी पुण्यात एकटी कशी राहील?’ या प्रश्नाला माहितीपत्रक उत्तर देऊ शकत नाही. त्याच तालुक्यातून आलेली, त्याच वसतिगृहात राहिलेली आणि आता नोकरी करणारी मुलगी आईशी फोनवर दहा मिनिटे बोलली, तर बरेचसे काम होते.

तिसरे कारण दारापाशी ओळख. सुधा मूर्तींना पोस्टकार्ड लिहावे लागले, कारण कंपनीच्या आत त्यांची बाजू मांडणारे कोणी नव्हते. आज एखाद्या कारखान्यात वरिष्ठ पदावर त्याच कॉलेजची इंजिनीअर बसलेली असेल, तर विद्यार्थिनींना इंटर्नशिपसाठी विचारायला एक माणूस मिळतो. निवड गुणांवरच व्हायला हवी, पण अर्ज कोणाच्या तरी डोळ्यांखालून जातो, हे कमी नाही.

मोठी संस्था नसली तरी काय करता येते?

प्रत्येक माजी विद्यार्थिनी फाउंडेशन काढू शकत नाही. तशी गरजही नाही. बहुतेक कॉलेजांत माजी विद्यार्थी संघ आहे. नॅक मूल्यांकनातही माजी विद्यार्थ्यांचा सहभाग तपासला जातो. काही ठिकाणी हा संघ वार्षिक मेळावा आणि ग्रुप फोटोपुरता उरतो. त्यातून खरे काम उभे करायचे असेल तर मार्ग साधे आहेत.

१. अडीनडीचा निधी : मोठी शिष्यवृत्ती नको, फक्त सरकारी पैसे येईपर्यंत मेस-वसतिगृहाचे पैसे भागवणारी छोटी रक्कम. पैसे आले की मुलगी परत करते आणि तीच रक्कम पुढच्या मुलीला मिळते.

२. वस्तूंची साखळी : लॅपटॉप, ड्राफ्टर, पुस्तके, वर्कशॉपचा अ‍ॅप्रन. चौथ्या वर्षाची मुलगी पहिल्या वर्षाच्या मुलीला देऊन जाते. खर्च जवळपास शून्य.

३. कागदपत्रांची मदत : अर्जांच्या हंगामात दोन शनिवार कॉलेजात बसून महाडीबीटी आणि नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलचे अर्ज भरून घेणे. एक चुकलेली तारीख मुलीचे अख्खे वर्ष अडचणीत आणू शकते.

४. एकीला एक : नोकरीतल्या एका इंजिनीअरने एका विद्यार्थिनीला चार वर्षे महिन्यातून एक फोन करणे. रेझ्युमे पाहणे, नमुना मुलाखत घेणे, निकाल लागला की विचारपूस करणे.

५. कारखान्याची भेट : स्वतःच्या कंपनीत वर्षातून एकदा मुलींचा गट नेणे. मशीनजवळ काम करणारी बाई डोळ्यांनी पाहिली की ‘मेकॅनिकल मुलींचे काम नाही’ हे वाक्य आपोआप पडते.

या मदतीच्या मर्यादा काय?

कौतुक करताना हेही सांगायला हवे.

खासगी शिष्यवृत्ती ठरावीक जिल्ह्यांत, ठरावीक मुलींना मिळते. बाजूच्या जिल्ह्यातली तितकीच गरजू मुलगी बाहेर राहते. हक्क म्हणून मिळणारी सरकारी मदत आणि निवड होऊन मिळणारी मदत यांत हा मूलभूत फरक आहे. म्हणून एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही.

गुणांची अट असेल तर ज्यांना आधाराची सर्वाधिक गरज आहे, त्याच मागे पडण्याचा धोका असतो. विषय राहिलेल्या मुलीला शिष्यवृत्तीही बंद आणि प्लेसमेंटही बंद, असे दुहेरी कुलूप लागते. अशा मुलींसाठी वेगळी सोय असणे गरजेचे आहे.

आणि सगळा भार मुलींवर टाकून चालणार नाही. इंग्रजी सुधारा, आत्मविश्वास वाढवा, हे ठीक. पण शॉप फ्लोअरवर स्वच्छतागृह बांधणे, बाळंतपणानंतर परत येणाऱ्या इंजिनीअरला तिचे काम परत देणे, ही कंपन्यांची जबाबदारी आहे. आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी अतिरिक्त जागा ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे वर्गात मुली वाढल्या. पदवीनंतर त्या टिकतात का, हे कारखान्यांच्या आणि घरांच्या नियमांवर ठरणार आहे.

यंदा प्रवेश घेणाऱ्या मुलींनी काय लक्षात ठेवावे?

– प्रवेश कॅप प्रक्रियेतूनच घ्या. फीमाफीची ती मुख्य अट आहे.

– उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जात प्रमाणपत्र व पडताळणी आधीच तयार ठेवा. सर्व कागदांवर नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे तपासा.

– बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, याची शाखेत जाऊन खात्री करा.

– महाडीबीटी आणि नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल या दोन्हींच्या तारखा वेगळ्या असतात. एकाच वेळी कोणत्या दोन योजना घेता येतात, हे अर्ज भरण्याआधी वाचा. अटी दरवर्षी बदलू शकतात, त्यामुळे अधिकृत संकेतस्थळच पाहा.

– खासगी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करताना कोणी पैसे मागितले तर सावध व्हा.

– कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात माजी विद्यार्थी संघाचा पत्ता शोधा. एका ताईचा नंबर मिळवा. हा नंबर चार वर्षांत लॅपटॉपइतकाच कामाला येईल.

सारांश काय?

१९६७ मध्ये सीओईपीच्या मेकॅनिकलच्या वर्गातून बाहेर पडताना लीला पूनावाला यांच्या पुढे चाललेली कोणी नव्हती. ज्या वाटेवर पुढे कोणी नसते, तिथे प्रत्येक खड्डा स्वतःच पडून शोधावा लागतो. फाउंडेशनच्या मदतीने शिकलेल्या मुलीला निदान विचारायला एक माणूस असतो.

फीमाफीने त्या वडिलांच्या वहीतला सर्वांत मोठा रकाना पुसला, हे खरेच. खालच्या रकान्यांपैकी काही भत्त्यांनी भरतील, काही उशिरा भरतील. ‘नोकरी लागेल का?’ या न लिहिलेल्या ओळीचे उत्तर मात्र पैशात देता येत नाही. आधी गेलेली कोणीतरी फोन उचलून म्हणते, ‘काका, मी पण तुमच्याच तालुक्याची. चार वर्षे मीही तिथेच होते. पाठवा तिला.’ तेव्हा वही मिटते आणि बॅग भरायला घेतली जाते.